आधी टेबल

"आधी टेबल दुरुस्त करते, मग लिनक्स घालते," असं मी मोठ्यानं बोलले, तिथंच चुकलं. जन्मभर सुतारकाम केलेल्या माणसापुढे टेबल हा शब्द जपून वापरावा.

घरातल्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क रिकामी दिसत होती. डिस्कचा कुठला भाग कुठून कुठपर्यंत, हे सांगणारं पार्टिशन टेबलच बिघडलं होतं. सगळं पुसून लिनक्स ही नवी सिस्टिम घालणं सोपं होतं, पण त्याच डिस्कवर बाबांचा आवाज होता. घशाच्या ऑपरेशनआधी रेकॉर्ड केलेला. दुसरीकडे कुठेच नाही. ऑपरेशननंतर बाबांना बोलता येत नाही. आईला हाक मारायची तर ते जवळच्या लाकडावर टकटक करतात.

पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला, हरवलेले भाग शोधायला प्रोग्राम लावला आणि चहा टाकायला गेले.

परत येते तर काय! कॉम्प्युटर जमिनीवर, टेबल उताणं, आणि बाबा ओठांत स्क्रू धरून त्याचा पाय आवळतायत.

"चालू असताना उचललात? बाबा, डिस्क आत फिरत असते! धक्का लागला तर तुमचा आवाज गेला कायमचा!"

बाबांच्या ओठांतला स्क्रू खाली पडला.

"अगं, तूच म्हणालीस ना, टेबल दुरुस्त करायचंय," आई म्हणाली. "वायर मीच काढली."

टेबल सरळ केलं, सगळं पुन्हा जोडलं, प्रोग्राम नव्यानं लावला. प्रोग्राम डिस्क चाचपत राहिला आणि आम्ही तिघं जीव मुठीत धरून स्क्रीनकडे बघत बसलो. चहा उतू गेला, कुणी उठलं नाही.

सापडला! हरवलेला भाग सापडला. डिस्कचं टेबल नव्यानं लिहिलं, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. लिनक्स राहिलं बाजूला, आधी ती फाइल लावली.

नुसती खरखर. मग बाबांचा आवाज, दणदणीत: "झालं का चालू? थांब जरा. अगं ए, हे टेबल हलतंय, खडखड ऐकू येईल त्यात. उद्या पाय बसवून टाकतो."

बाबा थिजले. स्वतःचा आवाज ते विसरूनच गेले असावेत.

"बसवलात एकदाचा," आई म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

बाबांनी टेबलावर टकटक केलं. खडखड झाली नाही. शेजारीच बसलेल्या आईनं ओ दिली.