कोटाचा चालकविरहित प्रवास

सुज्ञ वाचकहो, मानवाने गाडीस बुद्धी दिली, परंतु कोट आणि कोटातील मनुष्य यांतील भेद त्या बुद्धीस शिकवावयाचा राहून गेला. त्यामुळे एका सज्जन शिंप्यावर कोणता प्रसंग ओढवला, याचे यथार्थ वर्णन मी येथे करणार आहे. चित्त स्थिर ठेवून वाचावे, ही नम्र विनंती.

शिंपीकाकांच्या हातात कला होती. वायदा मात्र त्यांनी जन्मात पाळला नव्हता. या वेळी गाठ सख्ख्या मेहुण्याशी होती. मेहुणेबुवा त्या दिवशी सकाळी अकरा वाजता तीस वर्षांच्या नोकरीतून सन्मानपूर्वक निवृत्त होणार होते आणि व्यासपीठावर घालावयाचा राखाडी कोट काकांकडे शिवावयास होता. आदल्या दिवशीच फोनवर उभयतांची जुंपली होती.

"भाऊजी, माझ्या लग्नाचा कोट तुम्ही माझी थोरली चालायला लागल्यावर दिलात. हा तरी मी हयात असताना द्या!"

"अकराच्या आत कोट तुझ्या अंगावर नसला, तर ही कात्री तुझ्या हातात देईन आणि दुकानाला कुलूप लावीन!"

काका बोलून गेले. आता शब्द मागे घेता येत नव्हता, आणि कात्रीवाचून काकांना दुसरे काही येत नव्हते.

सकाळी दहाला शेवटचे बटण बसले. सव्वादहाला मेहुण्याने पाठविलेली चालकविरहित गाडी दुकानापुढे येऊन उभी राहिली. आत चिटपाखरू नव्हते. स्टिअरिंग तेवढे आपले आपण वळत होते. ते पाहून काका दोन पावले मागे सरले.

"अहो, बसा ना," काकू म्हणाल्या. "तुमच्यासाठीच पाठवलीये त्यानं."

"जिला स्वतःच्या जिवाची भीती नाही, तिच्या हवाली मी माझा जीव करणार नाही. कोट एकटा जाईल."

"एकटा? मग द्या घडी घालून."

"घडी!" काकांना हा घाव वर्मी लागला. घडीने कोटाचा खांदा मोडतो, हँगरवर कोट नुसता लटकतो, कोट बसतो तो फक्त पुतळ्यावर, ही त्यांची आजन्म श्रद्धा होती. तेव्हा कमरेपासून वरचा, रंगविलेल्या डोळ्यांचा आपला लाकडी पुतळा त्यांनी दांड्यावरून उपसला, त्यास कोट चढविला, गाडीच्या आसनावर बसवून पट्टा बांधला.

गाडीने मंजुळ स्वरात विचारले, "प्रवासी तयार आहेत का?"

"आहेत, आहेत, निघ तू!" काकांनीच बाहेरून उत्तर दिले.

वाचकहो, घात झाला तो येथेच. त्या क्षणापासून गाडीच्या लेखी पुतळा हा बोलता-चालता मनुष्य ठरला.

दहा मिनिटांत गाडी मेहुण्याच्या कचेरीपाशी पोहोचली. "महाशय, आपले ठिकाण आले आहे." महाशय उतरेनात. "आपणांस बरे वाटत नाही का?" महाशय बोलेनात. गाडीने कॅमेऱ्यातून न्याहाळले, अंगाची उष्णता मोजली. डोळे सताड उघडे, पापणी हलत नाही, श्वास नाही, अंग थंडगार. मनुष्य असता तर त्याने आधी टिचकी मारून पाहिले असते; गाडीस बोटे नव्हती. तिने मेहुण्याच्या फोनवर निरोप धाडला, दिवे लुकलुकविले आणि थेट इस्पितळाची वाट धरली. हे इस्पितळ काकांच्या दुकानामागच्याच रस्त्यावर होते.

इकडे दुकानात फोन वाजला.

"ताई, धीर धर! भाऊजी गाडीत बेशुद्ध पडलेत. मोठ्या इस्पितळात नेतायत. मी निघालो!" आणि फोन बंद.

काकूंनी समोर पाहिले. काका चहात बिस्कीट बुडवीत होते.

"अहो, तुम्ही बेशुद्ध आहात."

"मी?"

"श्वासही चालत नसेल."

काकांनी खात्रीसाठी एक श्वास घेऊन पाहिला. व्यवस्थित आला. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अगं, माझा कोट!" असे ओरडून ते गळ्यातील टेपसकट धावत सुटले.

इस्पितळात पुतळ्यास खाटेवर घेतले होते. डॉक्टरीणबाई नव्या होत्या, नाकापर्यंत मास्क होता आणि हातात मोठी कात्री. अशा रुग्णाचे कपडे कापूनच काढावयाचे, असा तेथील नियम.

"डॉक्टर, पेशंटला पाय नाहीत!" सिस्टर किंचाळल्या.

"अरे देवा, अपघात मोठा दिसतोय."

"पण रक्त कुठाय?"

"उरलंच नसेल. चला, आधी बाही कापू!"

"थांबा!" काका दारातूनच गरजले. "हवं तर मला कापा, बाहीला हात लावू नका!"

"तुम्ही कोण? नातेवाइकांनी बाहेर थांबायचं."

"अहो बाई, तो लाकडाचा आहे!"

"धक्क्यानं असं वाटतं माणसाला, काका. शांत व्हा."

काकांनी पुढे होऊन पुतळ्याच्या कपाळावर टिचकी मारली. टक्! डॉक्टरीणबाईंनी मास्क काढला, सिस्टरांनी जीभ चावली.

तेवढ्यात मेहुणा वाऱ्यासारखा आत शिरला. त्याने कोणाकडे न पाहता खाटेवर अंग टाकले आणि पुतळ्यास कवटाळून हंबरडा फोडला. "भाऊजी! मला कोट नको, सत्कार नको! वर्षानुवर्षं उगाच टोचून बोललो तुम्हाला. डोळे उघडा हो!"

काका मागे उभे राहून ऐकत होते. इतके गोड शब्द त्या तोंडून त्यांनी पूर्वी ऐकले नव्हते, आणखी दहा मिनिटेही त्यांनी आनंदाने ऐकले असते. परंतु भिंतीवरच्या घड्याळात अकराला चारच मिनिटे कमी होती.

"अरे, सरक. खांदा चुरगळतोय."

मेहुणा गर्रकन वळला. "भाऊजी? तुम्ही जिवंत?"

"ते नंतर बघू. हात मागे कर."

दोन मिनिटांत कोट पुतळ्यावरून उतरून मेहुण्याच्या अंगावर चढला. खांद्यास एक सुरकुती नव्हती.

"अकराच्या आत, अंगावर. आहे की नाही?"

"अहो, पण सत्कार तिकडे आहे! सगळे खोळंबलेत!"

"मी अंगावर म्हणालो होतो. व्यासपीठाचं मी काही बोललो नव्हतो."

मेहुण्यास हसावे की भांडावे हे समजेना. त्याने नव्या कोऱ्या बाहीने डोळे पुसले, मग नाकही पुसले. काकांच्या जिवाचे पाणी पाणी झाले. परंतु त्यांनी पुढे होऊन कोटाचे वरचे बटण तेवढे लावून दिले.

ही कथा मी येथे पूर्ण करतो. आपले काम बाजूस ठेवून आपण ती शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी सर्व वाचकांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. लेखनात कोठे टाका सुटला असल्यास क्षमा असावी.

आपला नम्र,
काजवाले अण्णा