सव्वाअकराला दाखवायचं

चिठ्ठी साखरेच्या डब्याखाली होती. अण्णांनी चहासाठी डबा उचलला आणि खाली सूनबाईचं अक्षर दिसलं. ती एका शिवणाच्या दुकानात कापड कापायची. लिहितानाही सगळं कसं मापात.

'९.१५ बाग, मोठं दार. पावणेदोन तास पुरे.
११.०० मागचं दार.
११.१५ दाखवायचं.
अण्णांना आधी सांगायचं नाही.'

अण्णांनी ती दोनदा वाचली, मग डोळ्याला भिंग लावून तिसऱ्यांदा वाचली. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. भिंगाखाली घातल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. पण भिंगाने अक्षरं तेवढी मोठी झाली. अर्थ तसाच राहिला.

दाखवायचं. कुणाला, ते लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच काय? बागेच्या मागच्या दाराबाहेर सगळी डॉक्टरांचीच गल्ली. तिथल्या एका पाटीवर 'विसराळूपणा व उतारवयाचे आजार' असं लिहिलेलं अण्णांनी बसमधून स्वतः वाचलं होतं. आणि गेल्याच महिन्यात ते चुकीच्या थांब्यावर उतरून तासभर आपलंच घर शोधत फिरले होते. तेव्हापासून नातीला शाळेत सोडायला त्यांच्याबरोबर शेजारीणही येऊ लागली होती. सहज म्हणून. रोज सहज!

एकदा का डॉक्टरने कागदावर लिहून दिलं की संपलंच, अण्णांच्या मनात आलं. मग नातीचं बोट आपल्या हातात कुणी देणार नाही. घरात राहूनही आपण पाहुणेच.

आदल्याच रात्री स्वयंपाकघरात नवराबायकोची कुजबुज चालली होती. "आधी सांगितलं तर..." एवढं ऐकू आलं आणि पुढचं नळाच्या धारेत वाहून गेलं. पाणी कुठे मुरतंय ते आता कळलं.

त्यांनी चिठ्ठी होती तशी ठेवली आणि संध्याकाळी विषय काढला.

"काय गं, उद्या बागेला किती वेळ धरलाय?"

"पावणेदोन तास, अण्णा."

"दीडशे वर्षांची बाग ती. पावणेदोन तासांत फस्त करायला शेंगदाणे आहेत का? साडेतीन तास लागतात. बावीस वर्षं दर सोमवारी मी तिथल्या मनोऱ्याच्या घड्याळाला चावी द्यायला जात होतो."

"चावी द्यायला जात होता की बाग मोजायला?" सूनबाई हसली. पण हसणं अर्ध्यातच थांबलं, हे अण्णांच्या नजरेतून सुटलं नाही. "पावणेदोन पुरे. मग ह्यांची पाळी सुटली की हेही येतील तिकडे."

म्हणजे मुलगाही सामील. बसचा ड्रायव्हर तो; माणसं नेऊन पोचवायची त्याला सवयच.

सकाळी तिघं निघाली. तिसरी नात, वय वर्षं आठ. सतत काहीतरी कुरतडत असते म्हणून घरात तिला खारूताई म्हणत. सूनबाईच्या पिशवीत एक मोठं तपकिरी पाकीट होतं. रस्ता ओलांडताना तिने अण्णांचं कोपर धरलं. कैद्याला धरतात तसं, असं अण्णांना वाटलं.

"अण्णा, रात्री झोप लागली का?"

"का? लागू नये असं काही आहे का?"

"अहो, सहज विचारलं."

पुन्हा सहज! अण्णा पुढे चालू लागले. पण मनात बेत पक्का होता. सव्वाअकरा चुकवायचे. भांडण नाही, तंटा नाही. फक्त बाग नीट दाखवायची. आणि हे काम त्यांच्याइतकं चांगलं कुणाला जमणार होतं?

मोठ्या दारापाशीच त्यांनी खारूताईला एका जुनाट झाडाचा घेर वितींनी मोजायला लावला. मग स्वतःच्या वितींनी मोजून दाखवला. दोन्ही आकडे वेगळे का आले, ते सावकाश समजावलं. तळ्यावर मासे मोजायला बसवलं. मासे काही एका जागी राहत नाहीत, त्यामुळे ती मोजणी तीनदा करावी लागली. सूनबाई एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी.

"अण्णा, चला ना पुढे."

"घाई कसली? शिकते आहे पोर."

पुढच्या बाकावर सूनबाईनेच त्यांच्या हातात संधी दिली. मनगटावरचं घड्याळ काढून म्हणाली, "पट्टा फार सैल झालाय. बघता का जरा?"

पट्टा कशाने सैल झाला, मनगट कधी बारीक झालं, हे त्यांनी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. घडीच्या सुरीच्या टोकाने पट्ट्याला नवं भोक पाडलं, आणि सूनबाई खारूताईची वेणी घालायला वळली तेव्हा अंगठ्याने हळूच काटे मागे फिरवले. पंचवीस मिनिटं. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाचं घड्याळ मुद्दाम चुकीचं लावून दिलं नव्हतं.

मोबाइल अजून घरोघर आलेले नव्हते. उरला मनोरा. त्याचं घड्याळ दिसू नये म्हणून अण्णांनी तळ्याकाठची दाट झाडांची वाट धरली.

सूनबाई दर थोड्या वेळाने मनगट बघायची. "आज वेळ सरतच नाही बाई," ती एकदा स्वतःशीच म्हणाली. अण्णांना जरा विजयी वाटलं, पण तिच्या मनगटाकडे बघवेना.

घात केला तो खारूताईने. शेंगदाण्याचं टरफल फेकायला ती वाटेवरून बाहेर पळाली आणि तिथूनच ओरडली, "आई, अकरा वाजून पाच मिनिटं!"

"नाही गं. वीस मिनिटं आहेत अकराला."

"मनोऱ्यावर बघ ना!" खारूताई धावत आली. डोळे चमकत होते, कारण हा धडा तिला पाठ होता. "अण्णा, दोन घड्याळांचं भांडण झालं की तिसऱ्याला विचारायचं. हो ना? तुमचं काढा!"

अण्णांचं खिशातलं घड्याळ अचूक होतं. ते मागे लावायला त्यांचा हातच धजला नव्हता. आणि या पोरीला घड्याळाबाबत खोटं सांगायचं, तर शिकवलेलं सगळं पाण्यात. त्यांनी घड्याळ काढून तिच्या तळहातावर ठेवलं.

"अकरा पाच! आईचं चुकलं!"

सूनबाईचा चेहरा कागदासारखा झाला. ती मटकन बाकावर बसली. "संपलं. इथून मागच्या दाराला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दीड महिन्याने मिळालेली वेळ होती. ते उशिरा आलेल्याला घेत नाहीत."

"बरंच झालं," अण्णा म्हणाले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मीच केलं ते. मी वाचली तुझी चिठ्ठी. मला नाही दाखवायचं कुणाला. एक थांबा चुकलो तर लगेच दाखवायला काढता काय मला?"

सूनबाईने मान वर केली.

"तुम्हाला? अण्णा, मला दाखवायचंय."

तिने खारूताईकडे एकदा पाहिलं, आवाज खाली आणला आणि उजव्या काखेच्या खाली हात नेला. "इथे गाठ आहे. तुम्ही घाबराल म्हणून आधी बोललो नाही. आणि थेट डॉक्टरकडे जायला माझाच धीर होईना. म्हटलं, बागेतून जाऊ सगळी. तिथे पोचेपर्यंत डोक्यात दुसरं काही राहील."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इथे तर न दाखवताच झालं होतं. पण अण्णांनी कपाळावर हात मारण्यात एक सेकंदही घालवला नाही.

"ऊठ."

"अण्णा, आता काय उपयोग?"

"मनोऱ्यामागून रोपवाटिका. तिथून मागचं दार. माझ्या शिडीसकट नऊ मिनिटं लागायची. आज शिडी नाही. ऊठ म्हणतो ना!"

रोपवाटिकेच्या फाटकावर माळी आडवा आला. "इकडून रस्ता नाही, आजो..." मग त्याने नीट पाहिलं. "अरे, घड्याळवाले! शिडी कुठे तुमची?"

"घरी झोपलीय. फाटक उघड, बाबा."

कुंड्यांच्या रांगांमधून तिघं जवळजवळ पळत गेली. डावीकडे नळ, मग खताचा ढीग, मग उजवीकडे. एकाही वळणावर अण्णा अडखळले नाहीत. हे त्यांच्या स्वतःच्या ध्यानातही आलं नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मुलगा ड्रायव्हरच्या कपड्यांतच येरझारा घालत होता. "कुठे होतात? सव्वा झाले!"

"अकरा चौदा," खारूताईने खिशातलं घड्याळ दाखवून दुरुस्ती केली.

आत आधीच नाव पुकारत होते. सूनबाईने पिशवीतून पाकीट काढलं, मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि अण्णांच्या हातात दिलं. "आत काढायलाच लावतील. धरा. आणि हात लावू नका त्याला."

नवराबायको आत गेली. अण्णा बाहेर बाकावर बसले, मुठीत ते घड्याळ. पंचवीस मिनिटं मागे.

"अण्णा, लावा ना बरोबर. एक मिनिटाचं तर काम."

"तिने नको म्हटलंय."

"पण चुकीचं आहे!"

"हो. मी चुकवलंय. आता ती सांगेल तेव्हा."

खारूताईला हे फारसं पटलं नाही. ती उरलेले शेंगदाणे कुरतडत बसली. अण्णा बंद दाराकडे बघत राहिले. मुठीतलं घड्याळ टिकटिकत होतं. चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ इतका वेळ त्यांनी आयुष्यात हातात धरलं नव्हतं.

दार उघडलं तेव्हा अण्णांनी सुनेच्या चेहऱ्याकडे भिंग लावल्यासारखं पाहिलं. पण तिथे काहीच वाचता आलं नाही.

"काय म्हणाले?"

"आत्ता काही सांगता येत नाही म्हणाले. थोडा तुकडा काढून तपासायचाय. मंगळवारी साडेदहाला परत बोलावलंय."

"मी येणार," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून हळूच विचारलं, "येऊ ना?"

"या. पण बागेतूनच जाऊ."

"किती वेळ धरायचा बागेला?"

सूनबाईने त्यांच्या मुठीतल्या घड्याळाकडे बघत रिकामं मनगट पुढे केलं. "आधी हे लावून द्या बरोबर. मग सांगते."

अण्णांनी तिच्यासमोरच काटे पुढे आणले. खारूताईने खिशातल्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि मान डोलावली. पट्टा त्यांनी नव्या भोकात बसवला. अजूनही सैलच होता. त्यांनी आतल्या बाजूला आणखी एक भोक पाडलं.