उचललेला पाय

"रेइमा, सौनात टॉवेल? नवी नवरी आहेस का रे?" वरच्या बाकावरून कोणीतरी टोमणा मारला आणि वाफेच्या त्या न्हाणीत उघडेनागडे बसलेले सगळे खिदळले. हरलेल्या संघाला हसायला निमित्त हवंच असतं.

"थंडी वाजतेय," पायांवर टॉवेल गुंडाळून बसलेला रेइमा म्हणाला. सौनाच्या वाफेत बसून थंडी वाजतेय म्हणणारा माणूस खोटं बोलतोय, हे फिनलंडातल्या आमच्या बंदरगावात शेंबडं पोरही सांगेल.

बर्फावरच्या हॉकीत रेइमा विंगर, म्हणजे कडेनं खेळणारा गडी होता, पण गोल मारणारा नव्हे. विंगरचं दुसरं, बिनकौतुकाचं काम त्याच्या वाट्याला आलं होतं : समोरून सुटलेल्या पकच्या, त्या टणक रबरी चकतीच्या, आड पाय घालायचा. उमेदीची सगळी वर्षं त्यावरच पोट भरलं. नडग्या कायम काळ्यानिळ्या, आणि त्या सौनात मिरवायची भारी हौस. पण गेले काही आठवडे पाय पकला चुकवत होता, आणि आज त्या पांढऱ्याफटक होत्या. आजही सामना संपत आला असताना पक सुटला आणि त्यानं पाय उचलला. ठरवून नव्हे, तापल्या तव्यावरून हात मागे यावा तसा पाय आपसूक उचलला गेला. पक थेट जाळ्यात. लोकांनी शिव्या घातल्या त्या गोलरक्षक ओक्कोला.

दार उघडून कोच सुलेवी डोकावला. "ओक्को, मंगळवारी बाहेर बसायचंस. गोलात झोपा काढतोस."

"बरं," ओक्को म्हणाला.

एवढंच. रेइमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प राहिला असता तर निभावलं असतं. वसंतात त्याचा करार संपत होता, आणि पाय उचलणाऱ्या विंगरला कोण कुत्रं विचारणार?

"कोच, त्याची चूक नाही. मी पाय काढला." त्यानं टॉवेल सोडला. सगळ्यांनी त्याच्या नडग्यांकडे पाहिलं आणि लगेच नजरा वळवल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग मंगळवारी ओक्कोच," म्हणून सुलेवीनं दार लावून घेतलं. रेइमाचं नाव त्यानं घेतलंच नाही.

"तुला दिसलं होतं ना?" रेइमानं ओक्कोला विचारलं.

"दिसणारच की. इतकी वर्षं तुझ्याच पायांमागे उभा आहे, लेका."

"मग बोलला का नाहीस?"

ओक्कोनं तापल्या दगडांवर पाणी ओतलं, वाफ उसळली. रेइमा नेहमीसारखा वरच्या बाकावर चढू लागला, तसा ओक्कोनं हळूच त्याचा दंड धरला.

"खालीच बस, रेइमा. वर फार भाजतं."

खालचा बाक पोरांचा आणि म्हाताऱ्यांचा. रेइमा बसला.