मालनबाईंची बिबटी

घनसावंगीजवळ जनावरांचे डॉक्टर देवानंद यांनी जखमी प्राण्यांसाठी निवारा उभारला होता. पंच्याहत्तर साली वनखात्यानं तिथं एक बिबटी आणली. सापळ्यात अडकून तिचा पुढचा पाय कायमचा निकामी झाला होता. तिनं तीर्थपुरीच्या मालनबाईंच्या दोन शेळ्या मारल्या होत्या, त्यामुळं मालनबाई फाटकात दिसताच आता भांडण होणार, असं डॉक्टरांना वाटलं.

मालनबाई पिंजऱ्यासमोर थांबल्या. बिबटी उठायला बघत होती आणि पुन्हा पुन्हा कोसळत होती.

"हिला आता शिकार जमायची न्हाई?"

"बिलकुल नाही. जन्मभर इथंच सांभाळावी लागेल. पण रोजचं मटण आणायचं कुठून, हाच घोर आहे."

"मंग मी देते की. माझ्याकडं कोंबड्या हायेत, बोकडं हायेत."

"अहो, तुमच्याच शेळ्या मारल्या हिनं!"

"भुकेली होती, डाक्टर. आता भूक लागली तर जाईल कुठं?"



पुढं दर आठवडी बाजाराला मालनबाई जीपनं कोंबड्या घेऊन येऊ लागल्या. आधी हसणारे शेजारीही हळूहळू त्यांच्याजवळ आपला वाटा देऊ लागले. बिबटी तीन पायांवर चालायला शिकली, आणि त्या दिवशी डॉक्टरांनी मालनबाईंना वाकून नमस्कार केला.