एका तासात तीन कौल

“तीन दे गं,” चिनजू काउंटरवर बोटं वाजवत म्हणाली.

औषधाच्या दुकानातली ल्याओ तिच्या लेकीच्याच वयाची. तिने मागच्या फळीवरून टेस्टचे खोके काढले आणि विचारलं, “घरात कोण कोण आजारी आहे, मावशी?”

“घरात मी आणि माझं शिलाईचं मशीन. मशीनला अजून तरी खोकला नाही.”

“मग तीन कशाला?”

“कौल तीनदा लागायला हवा. एकदा लागला तर योगायोग. दोनदा लागला तर देव विचार करतोय. तीनदा लागला की मग हो.”

ल्याओ हसली. तीही याच गावची, पुलीची. परीक्षेच्या आधी तिनेही देवळातल्या फरशीवर ते दोन अर्धचंद्री लाकडी तुकडे टाकले होते. एक पालथा, एक उताणा पडला की होकार, आणि असा होकार लागोपाठ तीनदा आला तरच खरा.

“देव लगेच बोलतो, मावशी. हे आजार लगेच बोलत नाहीत. खोकला कधीपासून?”

“आज सकाळपासून.”

“मग आज एक करा. काही दिसलं नाही तरी विश्वास ठेवू नका. परवा सकाळी दुसरी करा. आणि हे बघा,” तिने खोक्यावरच्या चित्रावर नख टेकवलं, “या खिडकीत कोविड. या खिडकीत फ्लू, ए आणि बी. वर सी लिहिलंय ना, तिथे रेघ यायलाच हवी, नाहीतर टेस्ट वाया गेली. तिच्याखाली आणखी एखादी उमटली, तर ते दुखणं तुमचं.”

“आणि तान्ह्या बाळांच्या छातीत बसतं ते?”

“ते या खोक्यात नाही. त्याला डॉक्टरच हवा.” ल्याओने पिशवी पुढे केली. “बाळाकडे जायचंय?”

“शनिवारी नातीला महिना पुरा होतोय.”

“मग मास्क लावा. आणि खोकला ऐकून ठरवत बसू नका. सुरुवातीला ही सगळी दुखणी सारखीच असतात. नाक, घसा, अंगदुखी. कानाला काही कळत नाही.”

कानाला काही कळत नाही, हे चिनजूला चार वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. तीस वर्षं ती शाळेच्या गणवेशांवर मुलांची नावं आणि नंबर भरत आली होती. पोरं रांगेत उभी राहायची, खोकायची, शिंकायची, आणि ही मशीनवरून मान वर न करता सांगायची, हा धुळीचा, हा रात्री आइस्क्रीम खाल्ल्याचा, हा उद्या शाळा बुडवण्याचा. आया हसायच्या. बहुतेक वेळा तिचं बरोबर निघायचं.

मग एका उन्हाळ्यात अ-शुई खोकू लागला. तिचा नवरा. देवळात झाडलोट करायचा, सगळा जन्म उदबत्त्यांच्या धुरात काढलेला. ती म्हणाली, धुराचा आहे, मध घे. तो मध घेत राहिला. नवव्या दिवशी तो गेला. धुराचा नव्हता.

तेव्हापासून चिनजूने कुणाचा खोकला ओळखला नाही. पोरं खोकली की ती मशीन जरा जोरात चालवायची.

घरी येऊन तिने हात धुतले, टेबलावर स्वच्छ फडकं अंथरलं. काडी नाकात फिरवताना डोळ्यांतून पाणी आलं. थेंब टाकले, घड्याळ लावलं. पंधरा मिनिटांनी दोन्ही खिडक्यांत फक्त सी ची रेघ, बाकी पांढरंशुभ्र.

ल्याओ म्हणाली होती, परवा. पण एका कौलावर कुणी देवळातून उठतं का? तिने दुसरं खोकं फोडलं. पांढरंशुभ्र. आता तर हात थांबेचना. तिसरं फोडलं. पांढरंशुभ्र.

तिन्ही पट्ट्या तिने ओळीने मांडल्या आणि त्यांच्यापुढे नकळत हात जोडले.

मग तिने कपाटातून गाठोडं काढलं. महिना पुरा झाला की नातीसाठी आईच्या माहेरहून डोक्यापासून पायापर्यंत सगळं जायचं असतं. टोपी, झबलं, दुपटं, लाल बूट. नात पाच आठवडे आधी जन्मली होती, मुठीएवढी. तिच्याआधी लेकीची, यी-जेनची, दोन गरोदरपणं अर्ध्यावरच सुटली होती, त्यामुळे या वेळी चिनजूने आधीपासून एक टाकासुद्धा घातला नव्हता. मुलगी काचेच्या पेटीतून आईच्या कुशीत आली, त्या दिवशी तिने सुईत दोरा ओवला. शिवताना ती मनाशी काहीतरी जुळवत राहायची.

इवलासा बूट शिवू, त्यात किती टाके घालू,
आधी पाय येऊ दे गं, मग दोघी मिळून चालू.

नातीला तिने अजून हातात घेतलं नव्हतं. फोनवरच पाहिली होती.

“यी-जेन, माझ्या टेस्ट झाल्या,” तिने लेकीला फोनवर सांगितलं. “तीन केल्या. तिन्ही साफ.”

“टेस्ट? का गं? बरं नाही का तुला?”

“खोकला आहे थोडा. काही नाही.”

तैचुंगमधल्या लेकीच्या घरात दूध तापवायचं यंत्र गुणगुणत होतं.

“तीन कधी केल्यास?”

“आत्ताच. एकामागून एक.”

“बरं.” मग हळूच, “ये तू. सासूबाईंनी महिन्याच्या तेलभातासाठी मोठं भगोणं मागवलंय. सगळे तुझी वाट बघतायत.”

ये म्हणाली, पण ते ‘ये’ शेवटाला जरासं आत ओढलेलं होतं. आईला नको कसं म्हणायचं, हे त्या पोरीला कधी जमलंच नाही. लहानपणी न आवडणारं कारलंसुद्धा गालात धरून बसायची. चिनजूने फोन ठेवला, आणि शुक्रवारभर ते ‘ये’ तिच्या कानात टोचत राहिलं.

शनिवारी सकाळी तिची हाडं जड झाली होती. काल टाके फार घातले, तिने स्वतःला समजावलं. मास्क लावला, गाठोडं छातीशी धरलं आणि स्टँडकडे निघाली. वाटेत ल्याओ दुकानाचं शटर वर करत होती.

“मावशी, आज दुसरी केलीत ना?”

“तिन्ही परवाच केल्या. तिन्ही साफ.”

“एका दिवसात?”

“एका तासात.”

ल्याओने शटर अर्ध्यावरच सोडलं. “मावशी, तुम्ही एकाच माणसाला तीनदा तोच प्रश्न विचारलात. दुखणं तेव्हा दिसण्याइतकं वाढलंच नव्हतं, तो काय सांगणार?”

“बस नऊची आहे.”

“पावणेनऊ व्हायचेत. मी खोकं देते, पंधरा मिनिटं लागतील.” मग ती आवाज उतरवून म्हणाली, “कोरी आली तर मी स्वतः तुम्हाला बसमध्ये बसवते.”

चिनजू तिथूनच चालू पडू शकली असती. तिन्ही पट्ट्या पिशवीत होत्या, कुणी विचारलं तर दाखवायला. पण कानात ते आत ओढलेलं ‘ये’ होतं. ती दुकानाबाहेरच्या बाकावर बसली, गाठोडं बाजूला ठेवलं, आणि काडी घेतली.

पंधरा मिनिटं. समोरची सोयामिल्कवाली भांडी आपटत होती. एक स्कूटर गेली. कोविडच्या खिडकीत सी ची रेघ आली, फ्लूच्या खिडकीत आली. चिनजू त्यांच्याखालच्या पांढऱ्या पट्टीकडे बघत होती. वळणावर बस दिसली.

ल्याओ वाकली. पट्टी उजेडाकडे तिरकी केली, परत सरळ केली. “मला तर... काहीतरी आहे की नाही, सांगता येत नाही. ए च्या जागी. सावलीसुद्धा असेल.”

बसने हॉर्न दिला. दार उघडून ड्रायव्हर ओरडला, “मावशी, यायचंय का? का नुसतं बसायचंय?”

चिनजूने पट्टी हातात घेतली. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने भरलेलं नाव ती खिडकीच्या उजेडात वाचायची. निळ्यातले सात निळे तिला वेगळे दिसायचे. नाही दिसलं असं म्हणायला फक्त एक क्षण हवा होता, आणि तो क्षण समोर उभा राहून हॉर्न वाजवत होता.

“सावली नाही,” ती म्हणाली. “गुलाबी आहे. एकपदरी.”

“नक्की?”

“तीस वर्षं दोरा ओळखतेय गं.” तिने ड्रायव्हरकडे बघून हात हलवला. “जा बाबा तू.”

दार बंद झालं, बस गेली. मग तिने विचारलं, आणि तेव्हा कुठे आवाज कापला, “अ-शुईला झालेलं... ते तर नाही ना?”

“ती कोविडची खिडकी आज तरी कोरी आहे. हा फ्लू दिसतोय. आत्ता दवाखान्यात जा, ते पक्कं करतील, गोळ्या देतील. वेळेत कळलंय, आठवड्याने तुम्ही परत भांडायला मोकळ्या.” ल्याओने एक श्वास घेतला. “पण तिथे गेला असतात तर...”

“नको बोलूस.”

चिनजू बाकावर मागे टेकली. खांद्यावरून पाण्याची कावड खाली ठेवावी तसं वाटलं. अंगात ताप होता, हाडं दुखत होती, आणि तिला चक्क हसू येत होतं. या वेळी तिने अंदाज केला नव्हता. या वेळी दुखण्याला नाव होतं, आणि ते दुखणं तिच्यापाशीच थांबलं होतं.

लेकीला फोन केला. “मी येत नाही. फ्लू आहे.”

 पलीकडे यी-जेन रडायलाच लागली. “आई, मला तुला नको म्हणता येत नव्हतं गं. दोन रात्री झोपले नाही मी.”

“माहितीये. अजून कारलं गालात धरून बसतेस तू.”

लेक रडता रडता हसली.

दुपारी चारला जावई, बो-हान, गाडी घेऊन आला. चिनजूने हातांना साबण लावून, मास्क घालून गाठोडं नव्या पिशवीत घातलं, पिशवी दारातल्या स्टुलावर ठेवली, आणि आत येऊन काचेचं दार ओढून घेतलं. बो-हान रस्त्यापलीकडे उभा होता. तो आला, पिशवी उचलली, तिच्या जागी झाकण लावलेला तेलभाताचा डबा आणि महिन्याची दोन लाल अंडी ठेवली, आणि पुन्हा पलीकडे जाऊन उभा राहिला. निघेना.

तिने फोन लावला. “अरे, जा की. वाट बघत असतील.”

“यी-जेनने सांगितलंय, आईने पहिला घास घेतल्याशिवाय निघायचं नाही. तिकडे कुणी जेवलेलं नाही अजून. मूगसुद्धा रडतेय, पण ती दुधासाठी.” मूग म्हणजे नात.

“वेडे आहात सगळे.”

“आईच म्हणाली माझी. विहिणीआधी कसं जेवायचं म्हणाली.”

चिनजूने दार उघडलं, डबा आत घेतला, दार लावलं. खुर्ची काचेजवळ ओढली, त्याला नीट दिसेल अशी. भात अजून गरम होता. मशरूम, सुकी कोळंबी, वर तळलेला कांदा. तिने मास्क खाली केला आणि पहिला घास घेतला. जिभेला कशाचीच चव नव्हती. तांदूळ नुसता गरम लागला.

“मीठ कसंय, आई?” त्याने फोनवर विचारलं.

“बरोबर आहे. सांग तिला, अगदी बरोबर आहे.”

तो रस्त्यापलीकडून कमरेत वाकला आणि गाडीत बसला. गाडी वळणापर्यंत दिसत होती. ती दिसेनाशी होईपर्यंत चिनजूने सावकाश चावून दुसरा घास घेतला, मग तिसरा.