चौथी ओळ

आमच्या आप्पांची गाणी कर्कश आहेत, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मीच त्यांना ते सांगितलं होतं, नववीत असताना. "आप्पा, तुमचं गाणं ऐकलं की वाटतं गल्लीत भांडण लागलंय." ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मागाच्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली आणि माग चालू केला. या गोष्टीला पंचेचाळीस वर्षं झाली, आप्पांना जाऊन अठरा. ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून काही जात नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील मष्णू आप्पा, वडगावातले विणकर. दिवसभर चार माग सांभाळायचे आणि संध्याकाळी शहापुरात एका म्हाताऱ्या बुवांकडे गाणं शिकायला जायचे. सात वर्षं शिकले, पक्की रागदारी. साड्यांचे गठ्ठे घेऊन कॅम्पात गेले की तिथल्या चर्चबाहेर सायकल टेकवून उभे राहायचे. आत चार तऱ्हेचे आवाज चार वेगळ्या चाली म्हणतात आणि तरी गाणं एकच होतं, याचं त्यांना फार नवल वाटायचं. त्यातूनच त्यांनी बनशंकरी देवीची अकरा गाणी बांधली, एकट्यानं नव्हे तर रांगारांगांनी म्हणायची. एकदा हौसेनं मंडळी घेऊन शहरातल्या एका गायनसभेत गेले. तिथला एक जाणकार चहा पिता पिता म्हणाला, "हे गाणं नाही, आरोळी आहे." त्यानंतर आप्पा गल्लीबाहेर कधी गायले नाहीत.

गल्ली मात्र गात राहिली. पुरुषांचं भजनी मंडळ मोडलं तेव्हा ती गाणी आम्ही बायकांनी उचलली, आणि मराठी शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मंडळाची पुढारीच झाले. वडिलांना दुखावलेल्या पोरीचं हे प्रायश्चित्त म्हणा हवं तर.

गेल्या महिन्यात प्रियदर्शनी आमच्याकडे आली. ती टिळकवाडीत राहते, कॉलेजात संगीत शिकवते आणि या भागातली विसरली गेलेली भक्तीची गाणी रेकॉर्ड करून ठेवते. आम्ही तिच्यासमोर आप्पांचं सगळ्यात मोठं गाणं जीव तोडून म्हटलं. शेजारी यमनाप्पाचे आठ माग धडधडत होते, पण त्याचं आम्हाला काय! त्या आवाजातच आम्ही जन्मलो.

"आवाज फार मोकळे आहेत हो तुमचे," ती म्हणाली.

मी तीस वर्षं मास्तरकी केली आहे. नापास झालेल्या मुलाच्या आईला आम्हीही "अक्षर सुंदर आहे" असंच सांगायचो.

"सरळ सांगा बाई," मी म्हटलं.

ती जरा बिचकली, पण बोलली. "सूर पूरियाचे आहेत. हा दिवेलागणीचा राग, खाली खर्जात रमणारा. तुम्ही तो सगळा वर चढवून म्हणता. ज्यानं हे बांधलं त्याला असं नको असणार. कुठं लिहून ठेवलंय का त्यांनी?"

मला राग आला. बाहेरून यायचं, आमचा चहा प्यायचा आणि आप्पांना काय हवं होतं ते आम्हालाच सांगायचं! तरी मी उठले. आईच्या खाटेखाली आप्पांची ट्रंक होती, त्यांची गाण्यांची वही तिच्यातच असायची. चाली सगळ्यांना तोंडपाठ, त्यामुळे ती उघडायची वेळच कधी आली नव्हती.

आईचं नाव बायाक्का. वय शहाऐंशी. मागावर उभं आयुष्य गेलं, त्यात कान गेले. आता तिला काहीच ऐकू येत नाही, पण आमचं काही अडत नाही. मागांच्या आवाजात ओरडून उपयोग नसतो, म्हणून इथली माणसं नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरचा ओठ बघून समजून घेतो. मी नुसते ओठ हलवून म्हटलं, "आप्पांची वही काढते." तिनं मान हलवली. वही बाहेर आल्यावर तिच्या पुठ्ठ्यावरून एकदा हात फिरवला आणि पुन्हा भिंतीला टेकून बसली.

वहीत अकराही गाणी सरगम लावून लिहिलेली होती. जिथं तिथं सुरांखाली टिंबं, म्हणजे खर्जातले सूर. आणि प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर आप्पांच्या ठसठशीत अक्षरात एकच सूचना: 'माग बंद असताना म्हणावे.'

मी ती सूचना पुन्हा वाचली. हे गाणं गल्लीला कुठं शिकवलं गेलं होतं? आमच्या माग-घरात, हातातलं काम न थांबवता. मागांवर आवाज चढवल्याशिवाय शेजारच्याला सूर कळायचाच नाही. म्हणून गडी ओरडून शिकले, देवळात गेले तेही तसेच ओरडत गेले, तिथं वर कर्णा लावला, आणि त्यांच्याकडून आम्ही तेच उचललं. आप्पा आधी सांगत असणार, नंतर गप्प बसले असणार. त्यांच्या गाण्याला आरोळी म्हणणाऱ्यानं त्यांचं गाणं ऐकलंच नव्हतं. मीही ऐकलं नव्हतं.

"आणखी एक," प्रियदर्शनी म्हणाली. "तुम्ही तीन रांगा म्हणता. इथं एकाखाली एक चार ओळी आहेत, म्हणजे रांगा चार."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मंडळातल्या सगळ्यात जुन्या शालूबाई म्हणाल्या, "आमास्नी तर गड्यांनी तीनच शिकवल्या बाई." चौथी ओळ सगळ्यांत खालची, लांब लांब सुरांची. ती कोणालाच येत नव्हती. गुरुवारी संध्याकाळी तीन ओळींचंच रेकॉर्डिंग करायचं ठरलं. त्यानंतर प्रियदर्शनी खानापूरकडच्या गावांना निघणार होती, म्हणजे संधी एकच. गाणं नावाजलं जावं, ही माझी हौस नव्हती. आप्पांनी बांधलं तसं ते एकदा माझ्या कानावर पडायला हवं होतं, बस्स.

त्यासाठी अख्खी गल्ली बंद करायला हवी होती. मी यमनाप्पाकडे गेले.

"तासभर माग बंद?" तो म्हणाला. "आक्का, ह्ये गाणं मागावरच शिकलंय की समद्यांनी! आता कशाला बंद?"

"म्हणूनच तर चुकलंय."

"माझं बंद केलं तर पलीकडची करनार हाईत व्हय?"

"यमनाप्पा, चौथीत तू माझ्या वर्गात होतास. सगळ्या वर्गाला गप्प बसवायचं काम मी कुणाला द्यायचे?"

"मला," तो ओशाळून म्हणाला. चाळिशीचा गडी, पण कान लाल झाले. "कारन बडबड मीच लई करायचो."

गुरुवारी दिवेलागणीला तो घरोघर फिरला. एकेक माग थांबत गेला. पलीकडचे थांबले, कोपऱ्यावरचे थांबले, आणि शेवटी यमनाप्पाचे आठ. लगेच तीन घरांतून तान्ही मुलं रडायला लागली. आमच्याकडे मुलं मागाच्या आवाजात झोपतात आणि तो थांबला की दचकून उठतात. आया त्यांना घेऊन दारात आल्या. हळूहळू तीही गप्प झाली. माझ्या घरातल्या घड्याळाला आवाज आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आम्ही आईच्या खाटेसमोर बसलो, कारण मोठी खोली तीच. पहिली रांग मी धरली, अगदी हलक्या आवाजात. दुसरी रांग माझ्या मागून आली, तिसरीनं एक सूर धरून ठेवला. इतकी वर्षं जिथं आम्ही देवीला हाका मारत होतो, तिथं आप्पा तिच्याशी नुसते बोलत होते. दिवसभराचं काम आटोपून घरातल्या माणसाशी बोलावं, तसं.  नववीतल्या त्या पोरीला धरून हलवावंसं वाटलं.

आणि तेवढ्यात खालून एक सूर आला.

जाडसर, खोल, थोडा थरथरता. घसरायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. मला वाटलं शालूबाईच काहीतरी करतायत. पण त्या डोळे विस्फारून खाटेकडे बघत होत्या. आई गात होती. भिंतीला टेकून, माझ्या ओठांवर नजर रोखून, एकेक शब्द तिथून उचलून ती चौथी ओळ म्हणत होती. प्रियदर्शनीनं वहीवर बोट ठेवलं आणि ओळ संपेपर्यंत ते हळूहळू पुढे सरकवत राहिली. मी गात राहिले, कारण माझे ओठ थांबले असते तर तीही थांबली असती.

माझ्या आईचा गाण्यातला आवाज मी साठीला टेकल्यावर पहिल्यांदा ऐकला. लहानपणी तिला मागावर ओठ हलवताना हजारदा पाहिलं होतं. मला वाटायचं, कुणाशी तरी बोलतेय.

गाणं संपलं. मी खाटेवर बसून तिचा हात धरला आणि ओठांनी विचारलं, "तुला ही ओळ येते, हे कधी सांगितलं का नाहीस?"

"मला कुनी इचारलं?" ती म्हणाली. "गड्यांच्या मंडळात बाया कुठं जायच्या? ह्यांनी ही ओळ माझ्यासाटनंच बांधली. म्हनले, तुझा आवाज खालचा हाय, तू खाली ऱ्हा."

"मग आप्पांना आवडायचा तुझा आवाज?"

ती माझ्याकडे बघून हसली. मला काही कळत नाही, असं.

"त्यास्नी कुठला ऐकू यायला? माग चालू असायचं की. लगीन झाल्यावर एकदा नदीवर ऐकलतं, तेवढंच. पुढं मी म्हनत्या का न्हाय, त्ये ते माझ्या तोंडाकडं बघून वळखायचे."

मग तिनं तळपाय जमिनीवर टेकवले आणि जरा वेळ तसेच ठेवले. "आज जमीन हालत न्हाय," ती म्हणाली. "लाईट गेलीया व्हय गं?"

 दारात यमनाप्पा उभा होता. त्याच्यामागे गल्लीतल्या आया, मुलं कडेवर घेऊन.

"आक्का, तास झाला," तो हळूच म्हणाला. "चालू करू काय?"

"नको रं, थांब," मी म्हटलं. मग आईकडे वळून ओठांनीच सांगितलं, "व्हय, लाईट गेलीया. परत एकदा म्हनू." आणि आप्पांची वही उघडून तिच्या मांडीवर ठेवली.