‘थांबलेला’ म्हणजे काय

ऑफिसात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे, कारण दुसऱ्याच्या लिहिण्यात चूक दिसली की तिचे हात शिवशिवायचे. तिचं कामही तसंच होतं. प्रोग्रामर मंडळी एखादं साधन बनवून मोकळी व्हायची, आणि ते वापरायचं कसं हे माणसांना कळेल अशा भाषेत हिनं लिहून काढायचं. लिहिलेलं कोणी वाचत नाही आणि नसलं की सगळे ओरडतात, असलं हे काम.

या वेळी तिच्या वाट्याला पुरवठादार शोधायचं एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामनं दुसऱ्याकडे माहिती मागायची सोय, आलं होतं. प्रकार सरळ होता. कंपनीला माल पुरवणाऱ्याचा क्रमांक पाठवायचा, की त्याचं नाव, पत्ता, फोन आणि स्थिती परत येते. स्थिती तीनच: चालू, थांबलेला, बंद. खरेदी खात्याला शब्द मराठीत हवे होते, आणि बनवणाऱ्यानं ते हौसेनं निवडले होते.

त्या बनवणाऱ्याला सगळे आजोबा म्हणत. वय तिच्याएवढंच, पण गडी पंख्याखाली बसायचा नाही, गरम पाण्याची बाटली घेऊन हिंडायचा, आणि कोणी शिंकलं की त्याला घरगुती उपाय सांगत सुटायचा. नोकरी सोडून तो दुसऱ्या शहरात गेला त्याला आता बराच काळ लोटला होता. त्याच्या टेबलावर प्रिंटर आला होता. मास्तरीणबाई त्या प्रिंटरकडे जरा जास्तच वेळा बघायच्या.

तिनं लिहिलं होतं, ‘थांबलेला: ज्याच्याकडून माल घेणं बंद केलं आहे असा पुरवठादार.’ साहेबांनी ते वाचून भुवया चढवल्या.

“मग बंद म्हणजे काय? दोन्ही एकच असतील तर थांबलेला काढून टाकू. त्या सगळ्या नोंदी बंदमध्ये ढकला. हे आता सांभाळणाऱ्या नव्या टीमच्या डोक्याला ताप नको.”

“विचारून सांगते,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“ज्यानं केलं त्याला.”

“अजून नंबर आहे तुमच्याकडे?”

“असेल.”

असेल कसला, तोंडपाठ होता.

आता जिन्यातली गोष्ट सांगायला हवी, आजोबा अजून ऑफिसात होता तेव्हाची. त्या आठवड्यात तिची आई मांडीचं हाड मोडून दवाखान्यात होती आणि हिचा जीव थाऱ्यावर नव्हता. लिफ्ट बंद म्हणून दोघं जिना उतरत होते. मधेच तो म्हणाला, “एक बोलायचं होतं. तुझं आणि माझं...” आणि ती म्हणाली, “थांब.” तिला म्हणायचं होतं की आत्ता नको, आईला घरी येऊ दे, मग सगळं ऐकते, आणि माझं उत्तर तुला आवडेल. पण एवढं लांबलचक कोण बोलतं जिन्यात? तो “बरं” म्हणाला आणि बाजूला होऊन तिला पुढे जाऊ दिलं.

आई घरी आली, काठी घेऊन चालू लागली, मग काठीही सुटली. हा काही पुन्हा बोलेना. मी थांब म्हटलंय आणि हा थांबलाय, अशी बाईसाहेबांची गोड समजूत. त्यानं राजीनामा दिला तेव्हा ती समजूत डळमळली, पण आपणहून बोलायला जीभ रेटली नाही. तो गेल्यावर मात्र रोज वाटायचं की एक फोन करावा आणि सांगून टाकावं. आता हक्काचं निमित्त मिळालं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणंच ते, पण निदान ताक मागायला तरी जाता येणार होतं. आज सांगायचंच, असं ठरवून जेवणाच्या सुट्टीत ती मीटिंगच्या रिकाम्या खोलीत शिरली आणि दार लोटून घेतलं.

“मास्तरीणबाई,” तो म्हणाला. तिनं तोंड उघडायच्या आत. तिला फार बरं वाटलं. खुर्ची ओढून ती बसली.

“कसा आहेस, आजोबा?”

“आजोबा बाप झाला,” तो हळू आवाजात हसला. “मुलगी. जरा दबक्या आवाजात बोलतोय, आत्ताच झोपलीये.”

लग्न झाल्याचंही तिच्या कानावर आलं नव्हतं. तिनं अभिनंदन केलं, कोणावर गेलीये विचारलं. “सुदैवानं आईवर,” तो म्हणाला. ती हसलीसुद्धा. तोंडाला सवय असते.

“कामासाठी फोन केला रे. थांबलेला आणि बंद यांत फरक काय?”

“तू काय लिहिलंयस?”

तिनं वाचून दाखवलं.

“चूक. तुझी चूक काढायला मिळाली, आजचा दिवस चांगला गेला. बंद म्हणजे संपला विषय. थांबलेला म्हणजे थांबून राहिलेला. तो माल द्यायला तयार आहे, आपणच मागत नाही.”

“मला वाटलं, थांबवलेला.”

“शब्दच दुतोंडी आहे.”

“मग तो चालू कसा होतो?”

“आपल्याकडून फोन जायला लागतो. त्याच्या हातात काही नसतं गं.”

तिनं ते लिहून घेतलं. हाताला काहीतरी हवंच होतं.

“एक विचारू?” तो म्हणाला. “जुनं आहे, राग मानू नकोस. तू जिन्यात मला थांब म्हणालीस, ते यातलं कुठलं?”

हेच तर सांगायला ती आली होती. वाक्य कधीचं घोटून ठेवलं होतं, आता फक्त म्हणायचं होतं. पलीकडे मुलगी कुरकुरली. तो तिला थोपटू लागला, आणि ते थोपटणं फोनमधून नीट ऐकू येत होतं.

“दुसरं,” ती म्हणाली. “बस कर, असं.”

“वाटलंच मला.” त्यानं श्वास सोडला. “मधूनमधून उगाच डोक्यात यायचं, आपण घाई तर नाही केली. बरं झालं विचारलं.”

“नाही. घाई नाही केलीस.”

“आई कशी आहे?”

“छान. चालते आता.”

जागेवर येऊन तिनं जुनं वाक्य पुसलं आणि नवं लिहिलं: ‘थांबलेला: माल देण्यास तयार, पण आपल्याकडून मागणी न गेलेला पुरवठादार.’ साहेब मागे येऊन उभे राहिले.

“म्हणजे वेगळे आहेत तर. पण मागणीच जाणार नसेल तर ही मंडळी यादीत ठेवायची तरी कुठवर?”

“मुदत घातलेली नाही, साहेब,” ती म्हणाली.

साहेब मान हलवून निघून गेले. तिनं वाक्य पुन्हा वाचून पाहिलं, तर चूक नव्हती. पुढची ओळ लिहायला हात उचलला, पण डोळे इतके भरून आले होते की पडद्यावरचं काही दिसेना.